पाडव्याच्या पालखीला सगळी बॅच

दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप नाही असा पन्नाशीतला मराठी माणूस आता शोधूनच काढावा लागेल. ग्रुप झाला की वर्ष-दोन वर्षांत ‘एकदा भेटूया रे’ सुरू होतं. शाळा किनाऱ्यावरच्या गावातली असेल तर कुठे भेटायचं यावर वाद होत नाही. तिथे जाऊन करायचं काय, यावर मात्र कोणी फारसा विचार करत नाही. साचा ठरलेला असतो. गावाबाहेरचा रिसॉर्ट, त्याचा हॉल, मागे सगळ्यांचे फोटो छापलेला फ्लेक्स, सरांना शाल-श्रीफळ, दुपारी सुरमई थाळी, रात्री कराओके आणि दुसऱ्या दिवशी ‘साइट सीइंग’. ज्या गावात लहानाचे मोठे झालो तिथेच गाइड घेऊन फिरायचं! हाच कार्यक्रम लोणावळ्यातही होतो, आणि तिकडचा प्रवासही कमी.

किनाऱ्यावरच्या गावाला स्वतःचं वेळापत्रक असतं. भरती-ओहोटी, बंदरावरचा लिलाव, देवाची पालखी, जत्रा, घरोघरचे मासे न खाण्याचे वार. मेळावा त्या वेळापत्रकात बसवावा, हॉलच्या बुकिंगमध्ये नव्हे, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे. उदाहरणाला मालवण घेतलंय. देवगड, वेंगुर्ले, हर्णै किंवा मुरुडच्या वाचकांनी नावं बदलून वाचायला हरकत नाही.

पहिला प्रश्न तारखेचा. बहुतेक ग्रुप मे महिना किंवा डिसेंबरचा शेवटचा आठवडा धरतात, कारण मुलांच्या सुट्ट्या. पण मे महिन्यात उकाड्याने जीव नकोसा होतो आणि महिना सरता सरता सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्याही बंद होतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी, त्यामुळे जरा पुढे सरकलात तर ताटात फ्रीझरमधला मासा. डिसेंबरअखेर मालवणात पर्यटकांची इतकी गर्दी असते की बाजारपेठेतून चालताना आपलं माणूस भेटलं तरी थांबून बोलायला जागा नसते. माझं मत विचाराल तर दिवाळी पाडवा. त्या दिवशी मालवणची ग्रामदैवतं, श्री देव रामेश्वर आणि श्री देव नारायण, पालखीत बसून देऊळवाड्यातून निघतात आणि गावाला भेटायला समुद्राच्या बाजूने फिरून रात्री बाजारपेठेत येतात. दुकानांवर रोषणाई, दारात रांगोळ्या, फटाके. मुंबई-पुण्याला गेलेला मालवणकर गणपतीला आला नाही तर एकवेळ चालतं, पण पालखीला येतोच. म्हणजे बॅचमधले निम्मे लोक आमंत्रणाशिवायच गावात असतात. उरलेल्यांना बोलावलं की मेळावा झाला. स्टेज नको, सूत्रसंचालक नको. रात्री बाजारपेठेत कुठल्या दुकानापाशी उभं राहायचं तेवढं ठरवा.

पाडव्याच्या आधी दोन दिवस पोचलात तर चावदिवस मिळतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करून तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, त्याची कडू बी जिभेला लावायची आणि मग पोहे. गुळाचे, दह्यातले, नारळाच्या रसातले, फोडणीचे; सोबत काळ्या वाटाण्याचं सांबारं. आपल्या घरचे खाऊन शेजारी जायचं, तिथून पुढच्या घरी. आमच्या लहानपणी वर्गातल्या निम्म्या पोरांच्या आया आम्ही चावदिवसाच्या पोह्यांवरून ओळखायचो. चाळीस जणांचा ‘वेलकम ब्रेकफास्ट’ रिसॉर्टला सांगण्याऐवजी पाच-सहा घरांना आधी विचारून बॅच वाटून द्या. पोह्यांचा खर्च तो काय, आणि ज्या घरात आता दोनच म्हातारी माणसं उरलीत तिथे त्या दिवशी आठ माणसं पाटावर बसतील.

दिवाळीला यायचं तर गाडीचं बघावं लागतं. मालवणला रेल्वे नाही. कुडाळला उतरून तीसेक किलोमीटर, किंवा कणकवलीला उतरून जरा जास्त. कोकणकन्या, मांडवी, तुतारी या नेहमीच्या गाड्या. ‘वंदे भारत’ २०२३ पासून धावते आणि कणकवलीला थांबते. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. सणाच्या गाड्या उघडल्या उघडल्या भरतात, हे कोकणी माणसाला सांगायला नको. परदेशातून येणाऱ्यांना गोव्यातलं मोपा विमानतळ सोयीचं. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला आणि मालवणला तोच जवळचा, पण तिथली विमानं कधी असतात कधी नसतात, तेव्हा त्याच्या भरवशावर तारीख ठरवू नका. महामार्गाबद्दल काही लिहीत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात शिरल्यावर रस्ता चांगला आहे.

आता गावात राहिलेल्या वर्गमित्रांविषयी. मुंबईकर ग्रुपवर अंगठे दाखवत असतात, आणि हॉल बघणं, मासे सांगणं, सरांना आणायला रिक्षा पाठवणं, फ्लेक्स छापून आणणं, पाणी, मंडप, जनरेटर हे सगळं गावातल्या दोघा-तिघांच्या गळ्यात पडतं. त्यांनाही दिवाळी असते. त्यातल्या कोणाची होडी असते, कोणाचं किराणा दुकान, कोण एसटीत असतो, कोणी घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, आणि हे सगळे धंदे नेमके दिवाळीतच जोरात चालतात. तीन दिवस बॅचसाठी दिले की हंगामातले तीन दिवस गेले. म्हणून दोन नियम करावेत. कामं बाहेरगावच्या लोकांनी आधी येऊन करायची, आणि मित्राच्या होडीत बसलो किंवा खोलीत उतरलो तर इतरांकडून घेतो तोच दर द्यायचा. ‘आपलाच आहे, समजून घेईल’ म्हणणारा माणूस मुंबईच्या हॉटेलात टिपसुद्धा मोजून ठेवतो, हे मी पाहिलंय. हिशोब ग्रुपवर टाका. पैशावरून मोडलेल्या बॅचेस कमी नाहीत.

बॅचमधल्या मुली शोधणं हे वेगळंच काम असतं. शाळेच्या हजेरीत माहेरचं नाव, आज फेसबुकवर सासरचं. कितीतरी जणींचं पाळण्यातलं नावही लग्नात बदललं. मुलगे महिन्याभरात सापडतात, मुली वर्ष-दोन वर्षं सापडत राहतात. सापडल्यावर पुढची अडचण येते ती राहण्याची. आईवडील गेले, भावाने घर बंद केलं किंवा घराचे वाटे झाले, तर गावात उतरायचं कुठे? मुलग्यांना निदान घराची किल्ली तरी मागता येते. त्यामुळे राहण्याची सोय ठरवताना आधी वर्गमैत्रिणींची विचारा, पुरुष मंडळी कुणाच्याही पडवीत झोपतील. एका बॅचच्या मैत्रिणींनी एक अख्खं घर चार दिवसांसाठी भाड्याने घेतलं होतं, आणि त्या मेळाव्यातला सगळ्यात मोठा आवाज त्या घरातून येत होता.

नावं शोधण्याचा पक्का मार्ग शाळेतच असतो. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर ठेवलेलं असतं आणि ते कायमचं जपायचं असतं. टोपीवाला हायस्कूल असो, भंडारी हायस्कूल असो की वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा, मुख्याध्यापकांना आधी फोन करून, सुट्टी लागायच्या आत गेलात तर ते तुमच्या वर्षाचं पान उघडून दाखवू शकतात. मोठ्या आडव्या पानावर निळ्या-काळ्या शाईतलं कारकुनाचं वळणदार अक्षर, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रगती, वर्तणूक, आणि शेवटच्या बाजूला ‘शाळा सोडल्याचे कारण’. तो रकाना सावकाश वाचावा. कोणाचं ‘एस.एस.सी. उत्तीर्ण’, कोणाचं ‘वडिलांची बदली’, आणि मध्येच एखाद्याचं सातवीतच ‘सतत गैरहजर’. त्याचा बाप मासेमारीला जात होता आणि होडीवर माणूस कमी होता, हे आपल्याला तेव्हा ठाऊक होतं, पण कारण म्हणून कधी सुचलं नव्हतं. ग्रुपमध्ये नसलेली नावं इथे सापडतात. दहावीच्या फोटोत नाहीत म्हणून त्यांना बोलवायचं नाही, असं करू नका. फक्त त्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका; त्यात जात, जन्मतारीख सगळंच असतं.

शिक्षकांचा सत्कार हा मेळाव्यातला सर्वांत चांगल्या हेतूने केलेला आणि बऱ्याचदा सर्वांत त्रासाचा भाग. ऐंशीच्या घरातल्या बाईंना सकाळी दहाला आणून स्टेजवर बसवायचं, पंखा दुसऱ्याच दिशेला, भाषणं दीड वाजेपर्यंत. त्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून संध्याकाळी त्यांच्या घरी जावं. आधी फोन करावा, दुपारची झोप मोडू नये, जाताना स्वतःचं नाव, वाडी आणि बाकाची जागा सांगायची तयारी ठेवावी. ‘ओळखलंत का बाई?’ हा खेळ खेळू नये. न ओळखणाऱ्या माणसाला त्याचं फार लागतं. गावातल्या रस्त्यावर मात्र उलटी परीक्षा होते. ‘कधी इलंस?’ विचारणाऱ्या आजोबांना उत्तर दिलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘तू कोणाचो रे?’ इथे कंपनी आणि हुद्दा सांगून भागत नाही, बापाचं नाव आणि वाडी लागते.

फिरायचं तर भरती-ओहोटी पाहून फिरावं, आणि त्यासाठी मोबाइलच्या आधी कालनिर्णय पुरतं. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहा, प्रतिपदेला पाऊण. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, आणि दर दिवशी वेळ पाऊण तासाहून थोडी पुढे सरकते. मालवणात मुंबईच्या मानाने भरती जरा लवकर येते, एवढं वजा करा. पुनवेला आणि अवसेला उधाण, म्हणजे पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे दोन्ही बेताचं. दिवाळी अवसेला असल्याने त्या दिवसांत पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमाराला समुद्र चांगला मागे हटलेला असतो. एरवी होडीने जावं लागतं त्या पद्मगड किल्ल्यावर अशा ओहोटीला दांडी किनाऱ्याच्या बाजूने चालत जाता येतं. दांडीच्या एखाद्या दादाला वेळ विचारूनच निघा आणि पाणी फिरायच्या आत परता. फोटोच्या नादात अडकून पडलेली माणसं दरवर्षी असतात.

दांडीलाच मोरयाचा धोंडा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या बांधणीचा मुहूर्त इथे झाला. खडकावर कोरलेले गणपती, चंद्र, सूर्य अजून दिसतात. शाळेची सहल इथे कधी आली नाही, कारण रोज इथूनच क्रिकेटचा बॉल आणायला जायचो. किल्ल्यावरही तेच. पाहुण्यांना घेऊन शंभरदा गेलेलो असतो, पण तट पूर्ण फिरलेले मालवणकर थोडेच. कुरटे बेटावरचा हा तट वळणावळणाने सुमारे तीन किलोमीटर जातो, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, त्यात शिवाजी महाराजांची मूर्ती बिनदाढीची. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यात सिंधुदुर्ग आहे, त्यामुळे गर्दी आणखी वाढणार. पहिल्या होडीने जा. गडावर अजून काही कुटुंबं राहतात. वर्गात तिकडून होडीने येणारा एखादा असेल तर फिरवायला तोच घ्या.

चिवल्याला किंवा दांडीला रापण लागलेली दिसली तर बाकीचा सगळा कार्यक्रम सोडून तिथे जायचं. होडीने अर्धवर्तुळात जाळं टाकून दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणलेले असतात. दोन रांगा दोर ओढत हळूहळू एकमेकींकडे सरकतात. ओल्या दोराने तळहात भाजल्यासारखे होतात. ऑफिसातल्या हातांना पंधरा मिनिटं पुरतात. जाळ्याचं पोट उथळात आलं की पाणी चमकायला लागतं, घारी खाली येतात, ओरडाआरड वाढते. कधी तारली, कधी बांगडा, कधी नुसताच पातेरा आणि चार जेलीफिश. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात : जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्या माणसांचा. मध्येच येऊन हात लावणाऱ्यालाही दोन मासे देण्याची रीत आहे. वर्गातला कोणी रापणीवर असेल तर त्याच्याकडून पर्ससीन जाळ्यांच्या आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीबद्दल ऐका. पर्ससीनवर राज्य सरकारने २०१६ मध्ये निर्बंध घातले, पण समुद्रातलं भांडण मिटलेलं नाही, आणि रापणीला मासा का कमी लागतो हे तो तुम्हाला कुठल्याही अहवालापेक्षा बरं सांगेल.

मासे स्वतः घ्यायचे असतील तर बंदरावर लिलावाच्या वेळी उभं राहा, पण चाळीस जणांनी घोळक्याने जाऊ नका. भाव लगेच चढतो. जाणकार मैत्रिणीला पुढे करा. ती बांगड्याचा कल्ला उचलून लाल आहे का बघेल, बोटाने दाबेल आणि शांतपणे निम्म्यावर बोलायला सुरुवात करेल. नोव्हेंबरात ताजा बांगडा असताना सुरमईमागे धावण्यात अर्थ नाही. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं हॉटेलच्या थाळीत क्वचितच नीट मिळतं, त्यामुळे निदान एक जेवण घरचं ठेवा. सोमवार, संकष्टी पाळणारे प्रत्येक बॅचमध्ये असतात. वार बघून मेनू ठरवा. परतताना खाजं बाजारपेठेतून घ्यायचं, हायवेवरून नाही. आल्याचा झणका असलेलं, गुळाचं कवच जाड नसलेलं ते चांगलं.

पाण्यातल्या खेळांबद्दल थोडं कडक बोलतो. ‘लहानपणी इथेच पोहलोय’ म्हणणारा पंचावन्न वर्षांचा, रक्तदाबाची गोळी चालू असलेला आणि दुपारी दोन पेग घेतलेला माणूस मेळाव्यात सर्वांत धोकादायक असतो. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीला तिथली ओढ भल्याभल्यांना आवरत नाही. होडीत लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, मित्राची होडी असली तरी. स्कूबा करायचं तर सकाळी, हलक्या पोटी आणि आजार न लपवता. शिवाय स्कूबा केल्यावर त्याच दिवशीचं विमान पकडू नये. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून निदान बारा ते अठरा तास जाऊ द्यावेत. दिवाळीत समुद्र शांतच असेल असंही धरू नका. २०१९ च्या दिवाळीत ‘क्यार’ वादळाने ऐन सणात या किनाऱ्यावर पाणी घरांपर्यंत आणलं होतं. हवामान खात्याचा इशारा असेल तर बोटिंगचे पैसे गेले तरी जाऊ द्यावेत.

एक दिवस जास्त असेल तर कुडाळच्या वाटेवर धामापूरचा तलाव आहे. १५३० च्या सुमाराचा. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता मिळाली. काठावर भगवतीचं देऊळ. इथे बसून गप्पा मारायच्या, दुसरं काही करायचं नाही. दिवाळी जमत नसेल आणि फेब्रुवारी-मार्च सोयीचा असेल तर आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा धरा. पण तिची तारीख तिथीवर ठरत नाही, देवीच्या कौलाने ठरते, म्हणून तिकिटं काढण्याची घाई करू नका. जाहीर झाली की मात्र घाई करा. दहीकाल्याच्या जत्रांचा हंगामही दिवाळीनंतरच सुरू होतो. गावोगावी रात्रभर दशावतार चालतो, आणि संकासुर आला की पन्नाशीची माणसंही पुढे सरकून बसतात.

शाळेला काही द्यायचं असेल तर आधी विचारा. बॅचचं नाव कोरलेली घड्याळं, डायस आणि ट्रॉफ्यांची कपाटं शाळांत पुरेशी झालीत. मुख्याध्यापकांना स्वच्छतागृह दुरुस्त हवं असतं, किंवा प्रयोगशाळेला काचसामान, किंवा एसटीचा पास परवडत नाही अशा दोन मुलींचा वर्षाचा खर्च. अशा गोष्टींवर नाव कोरता येत नाही, म्हणून त्या मागे पडतात. आणि मेळाव्यात सातबारा, वाटणी, ‘तुझी किनाऱ्यालगतची जागा विकतोस का’ हे विषय काढू नका. काढायचेच तर दुसऱ्या दिवशी तलाठी कार्यालयात भेटा.

बॅचमधले जे गेले त्यांची नावं सुरुवातीलाच एकदा वाचली जावीत, आणि ज्यांचे आईवडील गावात आहेत त्यांच्याकडे दोघांनी तरी जाऊन यावं. स्टेटसवर फुलं टाकण्याने ते होत नाही.

हा अंक हातात पडेपर्यंत या दिवाळीच्या गाड्या सुटलेल्या असतील. पुढच्या पाडव्याची तारीख नव्या कॅलेंडरात बघा, त्याआधीचे साठ दिवस मोजा, आरक्षण उघडण्याचा दिवस ग्रुपवर आजच टाका, आणि गावातल्या त्या दोघा-तिघांना आधी विचारा की त्यांना पाडवा चालतो का.